सायलेन्सरच्या डब्यातला कोळसा

माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात एक वाक्य आहे. पऱ्हाटीचे तुकडे ट्यूब फर्नेसमध्ये, आरगॉन वायूच्या प्रवाहात, तीन तास भाजले, अशा अर्थाचं. इंग्रजीत असल्यामुळे भारदस्त वाटतं. ते वाक्य खोटं आहे. प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात लाल बांधणीत उभा आहे आणि आजवर ते वाचून कुणाला काही खटकलेलं नाही, कारण असल्या कामात जगभर सगळे तसंच लिहितात.

पऱ्हाटी भाजली होती माझ्या बाबांनी. अकोल्यात, आमच्या अंगणात, एस.टी.च्या भंगारातल्या सायलेन्सरपासून बनवलेल्या लोखंडी डब्यात. आरगॉन आमच्या गल्लीत कुणाच्या बापानं पाहिला नव्हता.

विषय काय होता ते आधी सांगून टाकते. मी बॅटरीवर पीएचडी करते हे कळल्यापासून आमच्या गल्लीतले लोक मला इन्व्हर्टर दाखवायला बोलवायचे, म्हणून सवय झाली आहे समजावून सांगायची. माझी बॅटरी लिथियम-सल्फरची. मोबाइलमधल्या बॅटरीत महागडे धातू लागतात. इथं त्यांच्या जागी साधं गंधक. संत्र्याच्या बागांवर फवारायला पोत्यानं मिळतं तेच. स्वस्त, हलकं, आणि वजनाच्या मानानं ऊर्जा भरपूर साठवणारं. मग अजून घरोघर का नाही? कारण बॅटरी चालू लागली की गंधकाचे पॉलिसल्फाइड होतात, ते आतल्या द्रावात विरघळतात आणि आपली बाजू सोडून पलीकडे लिथियमकडे जातात, तिथून परत येतात, पुन्हा जातात. या येरझाऱ्यांत गंधक वाया जातं आणि बॅटरी लवकर मरते. पंगतीत वाढपी ढिला असला की माणसं पानावरून उठून सरळ आचाऱ्याकडे जातात, तसलाच प्रकार. म्हणून वाढपी चपळ लागतो. तो म्हणजे उत्प्रेरक. ज्या कोळशाच्या छिद्रांत गंधक भरायचं त्या कोळशातच हा उत्प्रेरक पेरतात. तो पॉलिसल्फाइडला जागीच धरतो आणि झटपट पुढच्या रूपात नेतो. माझा उत्प्रेरक कोबाल्ट होता. कोळसा मात्र पऱ्हाटीचा, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरतं त्या वाळक्या झाडाचा. ती कल्पना माझी होती आणि तिचा मला फार गर्व होता.

माझे गाइड अमरावतीचे. घरात तीन पिढ्यांची वकिली आणि प्राध्यापकी. ते वाईट नव्हते, हे मला लिहावं लागतं आणि लिहिताना राग येतो, कारण वाईट असते तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. ते विद्यार्थ्यांना अहोजाहो करायचे, घरची कामं सांगायचे नाहीत. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला केबिनमध्ये बसवून अगदी मायेनं सांगितलं, की सेमिनारमध्ये ‘मले’, ‘तुमाले’ असं बोलू नका, बाहेरचे परीक्षक हसतात. बाहेरचे परीक्षक कधी हसले नाहीत. पण मी मात्र तेव्हापासून तोंड उघडण्याआधी वाक्य मनात एकदा धुऊन घ्यायला लागले. ही धुण्याची सवय पुढं कुठवर गेली ते आता येईलच.

दुसऱ्या वर्षी विभागातल्या ट्यूब फर्नेसची कॉइल जळाली. नवी आणायची तर निविदा, तीन कोटेशनं, विद्यापीठाची मंजुरी. सर म्हणाले, थांबा. मी दोन महिने थांबले. मग एका रविवारी अकोल्याला घरी आले आणि जेवताना बाबांसमोर रडगाणं लावलं. बाबा उभं आयुष्य एस.टी.च्या डेपोत वेल्डर होते, नुकतेच निवृत्त झाले होते आणि घरात बसून आईला वैताग देत होते. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. फर्नेस करते तरी काय, असं विचारलं. मी सांगितलं, हवा न लागू देता लाकूड तापवते, मग ते जळून राख न होता कोळसा होतं.

“मंग त्याले मशीन कायले पाह्यजे?” बाबा म्हणाले.

आठवड्याभरात त्यांनी डबा केला. भंगारवाल्याकडून बसचा जुना सायलेन्सर आणला, कापला, एका बाजूला पत्रा वेल्ड केला, दुसऱ्या बाजूला नटबोल्टचं झाकण. धूर जायला वर बोटभर नळी. झाकणाच्या फटी काळ्या मातीनं लिंपायच्या. खाली दगडी कोळशाची भट्टी आणि तिला वारा द्यायला जुना कूलरचा पंखा. मी पऱ्हाटीचा भुगा युरियात कालवून आणायची, बाबा तो डब्यात ठासून भरायचे. युरिया तापला की असा वास सुटायचा की शेजारचे खिडक्या लावून घ्यायचे. विहारात जाणाऱ्या बाया फाटकाशी थांबून विचारायच्या की हे काय चाललंय. बाबा नाकाला रुमाल बांधून सांगायचे, “पीएचडी शिजून राहिली.” लोखंडाच्या रंगावरून ते उष्णता ओळखायचे. नारिंगी रंग आला की घड्याळ लावायचे, आणि तीन तास तिथून हलायचे नाहीत. मार्चातल्या अकोल्याच्या दुपारी. माझ्या अख्ख्या पीएचडीत इतकं सचोटीचं काम दुसऱ्या कुणी केलं नाही, मीही नाही.

तो कोळसा घेऊन मी अमरावतीला गेले, त्यात कोबाल्ट घातला, मग नागपूरला एका संस्थेत जाऊन सेल बांधले. लिथियमला हवा चालत नाही, म्हणून आरगॉन भरलेल्या काचेच्या पेटीत रबरी हातमोज्यांतून हात घालून हे काम करावं लागतं. तसली पेटी आमच्याकडे नव्हती. सेल शर्टाच्या बटणाएवढे. ते चार्ज-डिस्चार्जच्या यंत्राला लावले आणि परत आले. इतरांचे सेल ज्या सुमारास माना टाकतात तिथून माझे पुढं चालत राहिले. महिन्यानं सर स्वतः प्रयोगशाळेत येऊन माझ्या कॉम्प्युटरसमोर उभे राहिले आणि नागपूरहून आलेल्या, सेलची क्षमता दाखवणाऱ्या त्या जवळजवळ आडव्या रेषेकडे बघत राहिले. “जमलं,” म्हणाले. मला वाटलं, आता हा माणूस रडतो की काय.

कोळशात कोणकोणती मूलद्रव्यं आहेत याचा अहवाल बाहेरून मागवला होता. त्यात कार्बन, नायट्रोजन, कोबाल्ट आणि थोडंसं लोखंड. सरांनी विचारलं, लोखंड कुठून आलं? मी म्हणाले, आपली काळी माती आहे सर, पऱ्हाटी तिच्यातच वाढते. सरांनी मान डोलावली. दोघंही वऱ्हाडातच जन्मलेले. काळ्या मातीच्या नावावर आमच्याकडे काहीही खपतं. पुण्या-मुंबईचा माणूस असता तर त्यानं कदाचित पुन्हा विचारलं असतं. कोबाल्ट न घातलेला, त्याच डब्यातला कोळसा तपासून बघायला हवा होता, हे बीएस्सीच्या पोरालाही कळेल. आम्ही तुलनेसाठी बाजारातला तयार कोळसा घेतला. तो मठ्ठ निघाला. लगेच आम्ही कोबाल्टची आरती ओवाळली.

मग लिहायची वेळ आली. सरांनी मला खोटं लिहायला लावलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. ते तसं नाही. पहिला मसुदा मीच केला, आणि त्यात ‘ट्यूब फर्नेस’ मीच लिहिलं. सायलेन्सर, काळ्या मातीचं लिंपण, कूलरचा पंखा, हे इंग्रजीत लिहून बघितलं आणि मला त्याची लाज वाटली. वाक्य धुऊन घ्यायची सवय. सरांनी मसुदा वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. फर्नेस बंद आहे हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. ते म्हणाले, “आपल्याकडे फर्नेस आहेच की. सध्या बंद आहे, एवढंच.” मग त्यांनी पेन काढून समासात ‘आरगॉनच्या प्रवाहात’ हे शब्द भरले. त्यांचा वाटा तेवढाच.

प्रबंध बांधून आला तेव्हा मी एक प्रत घरी नेली. बाबांना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी हात धुतले, पुसले आणि एकेक पान उलटत गेले. मला वाटलं नुसते बघताहेत. शेवटच्या पानापर्यंत गेले आणि मग विचारलं, “डब्याचा फोटू नाई टाकला काय?”

तसं टाकत नसतात बाबा, मी म्हणाले. “हो बाप्पा, तेई खरंच हाय,” म्हणाले आणि प्रबंध टीव्हीच्या वर ठेवला.

तोच मजकूर सरांच्या आणि माझ्या नावानं शोधनिबंध म्हणूनही छापून आला होता. त्यावर मला अकोल्यात महाविद्यालयात नोकरी लागली. मुलाखतीत दुसरं काही विचारलंच नाही. वऱ्हाडात पऱ्हाटीपासून बॅटरी, म्हणून वर्तमानपत्रात बातमीही आली. फोटोत मी आणि सर, मागे ती बंद ट्यूब फर्नेस.

माझ्या जागी सरांकडे एक मुलगी आली. अकोटची. वडील जिनिंगमध्ये रेच्यावर, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या यंत्रावर काम करतात, घरात पहिलीच पदवीधर, थोडक्यात माझीच पुढची आवृत्ती, फक्त माझ्यापेक्षा हुशार. तिला सरांनी माझंच काम पुढं न्यायला दिलं: कोबाल्टचं प्रमाण बदलून बघायचं, मोठा सेल करायचा. तोवर नवी फर्नेस आली होती. आरगॉनचं सिलिंडरही आलं होतं. तिनं माझा प्रबंध समोर उघडा ठेवून एकेक पायरी तंतोतंत केली, आणि तिचे सेल पंधरवड्यात मेले. पुन्हा केले, पुन्हा मेले. सरांनी तिला सांगितलं, “तुमच्या ताईंच्या हाताला गुण होता.” हे ते वर्षभर सांगत राहिले.

ती मला फोन करायची. “ताई, तुमी पावडर किती मेशच्या चाळणीनं गाळली होती?” “ताई, फर्नेसचा रॅम्प किती ठेवला होता, मिनिटाले किती डिग्री?” पहिल्या एक-दोन फोनांना मी जे सुचलं ते खरंच सुचलं म्हणून सांगितलं. मग एक दिवस दोन तासिकांच्या मधल्या वेळात स्टाफरूममध्ये एक लेख वाचत होते. नायट्रोजन असलेल्या कोळशात लोखंडाचे सुटे अणू अडकले तर ते पॉलिसल्फाइडला किती जोरात धरतात आणि किती चटकन बदलतात, याविषयी. नायट्रोजन माझ्या युरियाचा. लोखंड सायलेन्सरच्या गंजाचं. उत्प्रेरक तो डबा होता. कोबाल्ट आमच्या निबंधात नुसता मिरवत होता.

त्या दिवशी मी तिला फोन करायला हवा होता. नाही केला. मला नोकरीत कायम व्हायला अजून वेळ होता, सरांचा पेटंटचा अर्ज गेलेला होता, आणि ‘ट्यूब फर्नेस’ हे शब्द माझ्या हातचे होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. तिचं नाव फोनवर दिसलं की आधी दार लावून घ्यायची. आणि बोलायची काय, तर धीरानं, मोठ्या बहिणीसारखं: रॅम्प कमी करून बघ. ॲसिडनं दोनदा धू. अजून एक दिवस सुकव. माझ्या एकेका सल्ल्यात तिचा महिना जायचा. ती सगळं मनापासून करायची, आकडे पाठवायची आणि खाली लिहायची, थँक्यू ताई. वर्षभर मी त्या मुलीला असं पळवलं. तिला कामाला लावून मी माझी झोप राखत होते, याला दुसरं सभ्य नाव नाही.

तिसऱ्या वर्षी, मे महिन्यात, ती म्हणाली की घरी येते, समोरासमोर वही दाखवते. मी रविवारी अकराला ये म्हणाले. ती सकाळच्या गाडीनं अकोटहून निघाली आणि साडेनवालाच पोचली. मी भाजी आणायला गेले होते. परतले तेव्हा अंगणात लिंबाच्या सावलीत बाबा उकिडवे बसले होते, ती त्यांच्यासमोर वही घेऊन, आणि मधे तो डबा. बाबांनी न्हाणीच्या मागून ओढून काढला होता. ती कशासाठी आली आहे असं त्यांनी विचारलं, तिनं पऱ्हाटीचा कोळसा नीट होत नाही असं सांगितलं, आणि त्यांना वाटलं हे तर आपल्याच खात्यातलं काम.

“मॅडमनं तुले सांगतलं नाई काय पोरी?” ते तिला म्हणत होते. “ते त याच्यात जाळलं होतं. मशीन कुठी होती तवा?”

ती माझ्याकडे बघत होती. डब्याच्या आत हात घालून तिनं बोट फिरवलं, गंजानं लाल झालेलं बोट वहीच्या पानाला पुसलं आणि काहीतरी लिहिलं. मी चहा ठेवायला आत गेले. ती मागून स्वयंपाकघरात आली.

“मॅडम, तुमाले माईत होतं?”

या घडीपर्यंत मी तिची ताई होते. मी हो म्हणाले. कधीपासून, तिनं विचारलं. वर्ष झालं, मी म्हणाले. निदान तेवढं खोटं बोलले नाही, असं पुढं बरेच दिवस मी मनात घोकत होते, जणू त्यासाठी मला कुणी शाल-श्रीफळ द्यायला हवं होतं.

तिनं भांडण केलं नाही. बाबांना म्हणाली, काका, आज एकदा भट्टी लावून देता का? बाबा तर एका पायावर तयार. त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या उन्हात दोघांनी दुपारभर भट्टी चालवली. मी घरातच राहिले. कुणाशी तरी फोनवर बोलतेय असं दाखवत खिडकीशी फेऱ्या मारत राहिले, बाहेर जायची हिंमत झाली नाही. संध्याकाळी ती कोळसा घेऊन अमरावतीला गेली. दोन-अडीच महिन्यांनी तिचा एका ओळीचा निरोप आला: कोबाल्ट न घालता चालतं, घातल्यापेक्षा बरं चालतं.

म्हणजे शोध तिचा होता. आम्ही ज्याला मळ समजून सोडून दिलं तेच काम करत होतं, आणि कोबाल्टसारखा महाग धातू न वापरता निव्वळ लोखंडावर भागतं, ही गोष्ट छोटी नाही. तिची पीएचडी यावर सहज झाली असती. फक्त एक अडचण. तिचा निष्कर्ष खरा म्हणून मांडायचा तर आमचा निबंध चूक म्हणावा लागत होता. सर म्हणाले, जुन्या निबंधाला हात न लावता लिहायचं असेल तर लिहा. पण माझा निबंध तिच्या प्रबंधात पहिल्याच पानावर येणार होता आणि परीक्षक विचारणारच की ट्यूब फर्नेसमध्ये लोखंड कुठून आलं. तिनं मला फोन करून एकच मागितलं. निबंध ज्या नियतकालिकात छापला त्यांना मी दुरुस्तीचं पत्र पाठवावं. कोळसा लोखंडी डब्यात केला, एवढं कबूल करावं. पुढचं ती बघून घेईल.

मी म्हणाले, विचार करते.

मी आठ महिने विचार केला. आधी सरांशी बोलते म्हणाले. मग परीक्षा होत्या. मग महाविद्यालयाचं मूल्यांकन होतं. मग आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, जे खरंच होतं, पण त्याचा आणि पत्राचा काही संबंध नव्हता. पत्र सहा ओळींचं होतं. दर महिन्याला तिचा एक निरोप यायचा, नम्र, आणि दर वेळी आधीच्यापेक्षा आखूड. तिच्या फेलोशिपची मुदत संपली. मुदतवाढीसाठी प्रगती दाखवावी लागते आणि सरांनी अहवालात लिहिलं की अपेक्षित निष्कर्ष मिळालेले नाहीत. नाचता येईना अंगण वाकडं, असंही ते कुणाजवळ तरी बोलले म्हणे. एका दुपारी विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिसलं की ती ग्रुपमधून बाहेर पडली आहे. कुणी काही विचारलं नाही. खाली लगेच कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला.

त्यानंतर मी पत्र पाठवलं. पश्चात्तापानं पाठवलं असं लिहायला बरं वाटलं असतं. नोकरीत कायम झाल्याचा आदेश माझ्या हातात पडला त्याच आठवड्यात पाठवलं.

आणि झालं काय? काही नाही. नियतकालिकानं एक पानाची दुरुस्ती छापली. सरांनी फोन करून थोडा राग दाखवला, निदान विचारायचं तरी, असं म्हणाले, आणि मग सांगितलं की ते आता वेगळ्याच पदार्थावर काम करताहेत, कोबाल्टकडे हल्ली कोण बघतं. पेटंटचा अर्ज त्यांनी केव्हाच सोडून दिला होता. महाविद्यालयात तर कळस झाला. वार्षिक अहवाल भरणाऱ्या सहकाऱ्यांनी त्या दुरुस्तीचा पृष्ठक्रमांक मागून घेतला आणि ती माझं नवीन प्रकाशन म्हणून नोंदवली. सभेत गुलाबपुष्प मिळालं. ज्या गोष्टीच्या भीतीनं मी एका मुलीची तीन वर्षं जाळली, त्या गोष्टीचं मला फूल मिळालं. मी ते घेतलं आणि फोटोला उभी राहिले.

बाबांनी ते पान मराठीत वाचून दाखवायला सांगितलं. मी शब्दाला शब्द सांगत गेले. पात्रातील लोखंडाच्या दूषिततेमुळे मूळ निष्कर्षांत त्रुटी राहिली, असं छापलं होतं. विज्ञानात असंच लिहितात.

“म्हंजे माह्या डब्यानं तुहं काम खराब केलं,” ते म्हणाले. “तवाच सांगतलं असतं त आतून घासून देलं असतं ना बाई.”

मी त्यांना अर्धा तास समजावलं, की घासला नाही म्हणूनच जमलं, तो गंजच खरा उत्प्रेरक होता, चूक माझी होती. ते हो-हो करत राहिले, डेपोत मोठ्या साहेबासमोर करायचे तसं. त्यांना पटलेलं नाही. मला माहीत आहे, कारण आता घरी पाहुणे आले की ते माझ्या बॅटरीची गोष्ट काढत नाहीत. त्याचं मला जेवढं वाईट वाटतं तेवढं प्रबंधाचं कधीच वाटलं नाही.

या हिवाळ्यात मी अकोटला गेले. ती तिथं एका खासगी क्लासमध्ये अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. दुकानांच्या वरचा मजला, पत्र्याचा जिना. एक बॅच सुटली होती, दुसरी यायची होती. तिनं मला पुढच्या बाकावर बसवलं, पाणी दिलं, काकांची तब्येत विचारली. मी सोबत आणलेलं दुरुस्तीचं पान तिच्या पुढं केलं. काय अपेक्षा होती माझी कोण जाणे. निदान ती रडेल, किंवा मला चार शब्द सुनावेल आणि मी ते ऐकून मोकळी होईन, असलं काहीतरी.

तिनं उभ्या उभ्या पान वाचलं. तिच्या वाचण्याची पद्धत मला ठाऊक होती, आकड्यांवर बोट ठेवत. एका ओळीवर बोट थांबलं.

“हे तापमान कुठून आणलं मॅडम?”

बाबा रंगावरून सांगतात ना, नारिंगी म्हणजे साधारण तेवढं, मी म्हणाले.

“मी मोजलं होतं,” ती म्हणाली. “त्या दिवशी, तुमी घरात होत्या तवा. लॅबचं थर्मोकपल बॅगेत होतं, ते डब्यात टाकून दर दहा मिनिटाले लिहून घेतलं होतं. हे शंभर डिग्रीनं जास्त लिहिलं तुमी.” तिनं पानाची नीट घडी घालून मला परत दिली. “हेई अंदाजेच.”

खालून जिन्यावर पोरांचे पाय वाजायला लागले. तिनं डस्टर उचललं, मग माझ्याकडे वळून विचारलं, “माही वही हाय घरी. आकडे पाह्यजे काय तुमाले?”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. चुकीचा आकडा तसाच राहू देणं तिला जमत नव्हतं, बस. आणि मी, क्षणाचाही विचार न करता, पाहिजेत म्हणाले.